मागचा छोटा स्विच

सव्वीस वर्षं मी टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटरी-रूममध्ये काढली.
चोवीस सेल, अठ्ठेचाळीस व्होल्ट,
अर्ध्या पुण्याचं हॅलो
माझ्या पायाशी बारीक बुडबुडत असायचं.
सरोज म्हणायची, इतरांचे कपडे उंदीर कुरतडतात,
तुमचे नोकरी.
ॲसिडची भोकं. एकेक तिनं रफू केलेलं.

रिटायर झालो तरी धायरीत, चौथ्या मजल्यावर,
गॅलरीत एक बॅटरी पाळली होतीच.
गुरुवारी लाइट जायचे,
महिन्याच्या पहिल्या रविवारी मी तिला पाणी पाजायचो,
हायड्रोमीटर बुडवून ताप बघायचो:
बाराशे चाळीस, ठीक.
बाराशे दहा. काय गं, काय झालं?

मग सरोजच्या नाकात नळी आली
आणि चाळीस मिनिटं म्हणजे किती कमी
ते एका गुरुवारी कळलं.
सविस्तर सांगत नाही.
शेजारच्या कुंजीरांनी सिलिंडर खांद्यावरून जिना चढवला, एवढंच.

तपकीर गल्लीतला दुकानदार म्हणाला,
लिथियम घ्या काका, चार हजार सायकल.
मी उभ्या उभ्या भागाकार केला.
रोज एक धरली तर अकरा वर्षं.
पैसे मोजताना बोटं जरा अडखळली.

बसवायला आली आफरीन तांबोळी.
एकटीनं उचलून आत आणली.
जुनीला दोन माणसं आणि एक शिवी लागायची.
मी विचारलं, पाणी कधी घालायचं?
नाही घालायचं.
ग्रॅव्हिटी?
नाही बघायची.
मग मी काय करायचं?
ती हसली नाही. ते मला आवडलं.

इन्व्हर्टर जुनाच. मागे छोटा स्विच, तीन खुणा:
ट्युब्युलर, फ्लॅट, एसएमएफ.
लिथियम कुठेच नाही.
गुडघ्यावर बसून ती म्हणाली,
"हा हिला ओळखत नाही.
हिच्या पोटात बोर्ड आहे, ती सगळं सांगते,
याला त्यातलं काही ऐकू येत नाही.
ट्युब्युलरवर ठेवलं तर हा आग्रह करकरून भरवेल
आणि ही दार लावून घेईल.
एसएमएफवर टाकते. चौदा पॉइंट चारला थांबतो का बघू."
दूध तापत ठेवावं तसे
आम्ही दोघं मीटरपाशी बसलो.
चौदा एक.
चौदा तीन, बराच वेळ चौदा तीन.
चौदा चार.
थांबला.
आतून सरोज म्हणाली, चहा कोण टाकतंय?

चप्पल घालताना आफरीन म्हणाली,
जुनी संपताना सांगायची.
पंखा मंदावायचा, दिवा पिवळा पडायचा.
ही नाही सांगत.
शेवटपर्यंत ताठ, आणि मग एकदम काहीच नाही.
"वेळ लिहून ठेवत जा, काका."

म्हणून लिहितो.
गुरुवार. नऊ दहाला गेले.
साडेदहा, मशीन चालू, सरोजनं अर्धी भाकरी खाल्ली.
बारा वीसला आले.
पुढे पुढे लाइट असतानाचंही लिहू लागलो:
रात्री दोनला खोकला.
आज केस विंचरू दिले.
कुंजीरांच्या सुनेला हसली.
कुणी विचारलं तर म्हणतो, बॅटरीची वही आहे.

जुनी भंगारवाल्यानं किलोवर नेली.
शिसं अजून विकलं जातं म्हणाला, बाकी काय राहिलंय हिच्यात.
हायड्रोमीटर मी दिला नाही.

आणि सरोजच्या मशीनला एक बाटली असते, हवा ओली करणारी,
तिच्यावर दोन रेघा, खालची आणि वरची.
तिच्यात डिस्टिल्ड वॉटरच घालायचं, डॉक्टरांनी बजावलंय,
गॅलरीतलं नव्हे, औषधाच्या दुकानातलं.
रोज सकाळी मी चष्मा पुसतो,
डोळा रेघेच्या पातळीला आणतो,
थेंब थेंब सोडतो.
सरोज म्हणते, सांडाल.
सव्वीस वर्षांत सांडलं नाही, मी म्हणतो.
ती माझ्या शर्टाकडे बघते.
झाकण लावतो. बुडबुडे सुरू होतात.